पाठीचा बाह्यसांगाडा
पाठीचा बाह्यसांगाडा किंवा एक्सोस्केलेटन हे वाकून ओझे उचलताना कंबरेच्या स्नायूंवरील ताण कमी करणारे, अंगावर घालावयाचे साधन आहे. त्याचे स्प्रिंगचे व मोटारीचे असे दोन प्रकार आहेत.

फायदे
वाकताना स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा सरळ होताना परत मिळते; त्यामुळे स्नायूंचे श्रम कमी होतात.

मर्यादा
पट्ट्यांचा छाती व मांड्यांवर दाब पडतो, चालण्यात अडथळा येतो आणि उन्हाळ्यात उकाडा वाढतो. मोटारीचे साधन जड व महाग असते.

बुलढाणा जिल्ह्यातील उपयुक्तता
खामगाव, मलकापूर येथील बाजार समित्यांत हमाल पोती पाठीवर वाहतात. स्प्रिंगचे साधन उचलण्यास साहाय्य करते. पाठीवरील पोत्याचा मणक्यांवर येणारा भार ते हलका करीत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोग्रॅमची मर्यादा सुचविली. त्यामुळे पोत्याचे वजन घटविण्यास हे साधन पर्याय ठरत नाही.