तळटीप १२ : ‘आरएमचा एलियस’

१२. एलियस म्हणजे युनिक्सच्या शेलमध्ये आज्ञेला दिलेले पर्यायी नाव. बिल जॉय यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस बर्कली येथे लिहिलेल्या सी शेलमध्ये ही सोय होती. मूळ बोर्न शेलमध्ये नव्हती. इथला एलियस बॅशमध्ये (अर्थात रोमन लिपीत) असा लिहितात : एलियस आरएम='आरएम -आय'. बरोबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा चालत नाही. मग ‘आरएम’ ही आज्ञा प्रत्येक फाइल पुसण्याआधी विचारते. पण हे त्या चालू शेलपुरतेच. कायम हवे तर ती ओळ ‘.बॅशआरसी’ फायलीत घालावी लागते, आणि ती फाइल ज्याच्या त्याच्या खात्याची असते. म्हणूनच दुसऱ्याच्या खात्यात तीच आज्ञा देताच फायली न विचारता पुसल्या गेल्या. ‘आरएम’ विचारेलच असे धरून चालण्याची सवय खरोखर घातक आहे; अशा एलियसला वेगळे नाव देणेच बरे.