अंडाशयातील गाठ

अंडाशयातील गाठ म्हणजे स्त्रीच्या एका किंवा दोन्ही अंडाशयांत निर्माण झालेली द्रवयुक्त, घन किंवा मिश्र स्वरूपाची वाढ. द्रवाने भरलेल्या पिशवीसारख्या गाठीस सिस्ट, तर पेशींच्या अनियंत्रित वाढीतून बनलेल्या गाठीस अर्बुद किंवा ट्यूमर असे म्हणतात. बहुतेक गाठी सौम्य असतात आणि त्यांपैकी अनेक उपचारांविना नाहीशा होतात. काही थोड्या गाठी मात्र कर्करोगाच्या असतात आणि गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय त्याची निश्चिती बहुधा होत नाही. त्यामुळे गाठ आढळल्यावर धोक्याचा अंदाज घेणे आणि धोका अधिक वाटल्यास पहिलीच शस्त्रक्रिया स्त्रीरोग-कर्करोगतज्ज्ञाकडून करून घेणे, हे या विकाराच्या व्यवस्थापनाचे मुख्य सूत्र मानले जाते.

भारतीय स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांनंतर अंडाशयाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला त्याचे सुमारे ४७ हजार नवे रुग्ण आढळतात.

प्रकार

कार्यात्मक गाठी: मासिक पाळीच्या चक्रात दरमहा अंडाशयात एक बीजपुटक वाढते व फुटते. ते न फुटता वाढत राहिल्यास किंवा फुटल्यानंतर त्यात द्रव अथवा रक्त साठल्यास गाठ तयार होते. अशा गाठी साधारणतः दोन ते तीन पाळ्यांत विरून जातात.

सौम्य गाठी: पातळ द्रवाच्या किंवा चिकट स्रावाच्या सिस्टॅडेनोमा, तंतुमय ऊतींची फायब्रोमा आणि डर्मॉइड या गाठी यांत मोडतात. डर्मॉइडमध्ये केस, चरबी, क्वचित दातही सापडतात. एंडोमेट्रिओसिस या विकारात अंडाशयात जुने, गडद तपकिरी रक्त साठते. या गाठीस रंगावरून चॉकलेट सिस्ट म्हणतात.

सीमावर्ती अर्बुदे: यांच्या पेशी असामान्य दिसतात, परंतु आसपासच्या ऊतींत विध्वंसक रीतीने घुसत नाहीत.

कर्करोगाच्या गाठी: यांपैकी सुमारे ९० टक्के गाठी उपकला पेशींपासून उद्भवतात आणि त्या प्रामुख्याने रजोनिवृत्तीच्या आसपास किंवा त्यानंतर आढळतात. जननपेशींची अर्बुदे मुख्यतः किशोरवयीन मुली व तरुण स्त्रियांत होतात. ती केमोथेरपीला उत्तम प्रतिसाद देतात. जठर, मोठे आतडे किंवा स्तन यांचा कर्करोगही अंडाशयात पसरू शकतो.

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणजेच पीसीओएस या अवस्थेत सोनोग्राफीत अनेक लहान बीजपुटके दिसतात. नावात सिस्ट असली तरी ती या अर्थाने गाठ नव्हे.

लक्षणे

अनेक गाठी कोणतेही लक्षण निर्माण करीत नाहीत व अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने दिसतात. पोट सतत फुगल्यासारखे वाटणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार किंवा घाईने लघवीला लागणे ही प्रमुख लक्षणे होत. ती पित्त, गॅस किंवा वाढत्या वयाची समजून दुर्लक्षिली जातात. विशेषतः पन्नाशीनंतर ती नव्याने सुरू होऊन आठवड्यातून अनेकदा जाणवत असल्यास तपासणी आवश्यक ठरते. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, घटते वजन आणि जलोदर ही अधिक गंभीर चिन्हे आहेत.

गाठीसह अंडाशयाला पीळ पडल्यास एकाएकी तीव्र वेदना आणि उलट्या होतात. ही तातडीची अवस्था असून काही तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास अंडाशय निकामी होऊ शकते. प्रजननक्षम वयात अशाच वेदनांमागे गर्भाशयाबाहेरील गर्भधारणाही असू शकते. म्हणून गर्भधारणेची चाचणी प्रथम केली जाते.

निदान

सोनोग्राफी

योनिमार्गे केलेली सोनोग्राफी ही पहिली व सर्वांत उपयुक्त तपासणी होय. अविवाहित मुलींमध्ये ती सहसा पोटावरून करतात. गाठीचा आकार, आतील पडदे, घन भाग, आत वाढलेले अंकुर, रक्तप्रवाह आणि पोटातील पाणी यांची नोंद अहवालात अपेक्षित असते. केवळ ‘गाठ आहे’ असा अहवाल पुढील निर्णयास अपुरा पडतो. या नोंदींवरून धोका ठरवण्यासाठी ओ-रॅड्स ही वर्गवारी वापरतात:

• श्रेणी २: कर्करोगाची शक्यता १ टक्क्याहून कमी
• श्रेणी ३: १ ते १० टक्क्यांपेक्षा कमी
• श्रेणी ४: १० ते ५० टक्क्यांपेक्षा कमी
• श्रेणी ५: ५० टक्के किंवा अधिक

सोनोग्राफीवरून स्वरूप स्पष्ट न झाल्यास एमआरआय करतात. सीटी स्कॅनचा उपयोग मुख्यतः कर्करोगाचा प्रसार पाहण्यासाठी होतो.

रक्तचाचण्या

सीए-१२५ या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण सामान्यतः दर मिलिलिटरला ३५ एककांपर्यंत असते. ही चाचणी एकटी निर्णायक नाही. मासिक पाळी, गर्भधारणा, एंडोमेट्रिओसिस, तंतुगाठी आणि ओटीपोटातील जंतुसंसर्ग यांतही प्रमाण वाढते. उलट पहिल्या टप्प्यातील कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते सामान्य राहते. भारतात पोटाच्या क्षयरोगाचा विचार विशेष महत्त्वाचा आहे, कारण जलोदर, ओटीपोटातील गाठ आणि वाढलेले सीए-१२५ हे चित्र क्षयरोगातही हुबेहूब दिसू शकते. किशोरी व तरुण स्त्रियांत घन गाठ असल्यास एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या चाचण्या केल्या जातात.

धोका निर्देशांक

१९९० मध्ये मांडल्या गेलेल्या आरएमआय या निर्देशांकात तीन घटकांचा गुणाकार करतात. सोनोग्राफीत एकही संशयास्पद लक्षण नसल्यास ०, एक असल्यास १ व दोन किंवा अधिक असल्यास ३ गुण. रजोनिवृत्तीपूर्वी १ व नंतर ३ गुण. आणि सीए-१२५ चे प्रत्यक्ष मूल्य. उदाहरणार्थ, रजोनिवृत्त स्त्रीच्या गाठीत घन भाग व अनेक कप्पे ही दोन लक्षणे असून सीए-१२५ केवळ ४० असल्यास निर्देशांक ३ × ३ × ४० = ३६० येतो. २०० किंवा २५० ही पाठवणीची सीमा मानली जाते. रक्तचाचणीचा अहवाल जेमतेम वाढलेला असूनही धोका मोठा असू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते.

तज्ज्ञांकडे पाठवणी

पडदे वा घन भाग नसलेली लहान, साधी द्रवगाठ असल्यास सामान्य स्त्रीरोगतज्ज्ञाची देखरेख आणि ठरावीक अंतराने सोनोग्राफी पुरेशी असते. पुढील परिस्थितीत स्त्रीरोग-कर्करोगतज्ज्ञाचा सल्ला शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावा, असे मानले जाते:

• गाठीत घन भाग, अंकुर किंवा वाढलेला रक्तप्रवाह
• जलोदर किंवा पोटात अन्यत्र गाठी
• रजोनिवृत्तीनंतर वाढलेले सीए-१२५
• किशोरवयीन मुलीत घन गाठ
• जवळच्या नातलगांत स्तन किंवा अंडाशयाचा कर्करोग

या क्रमाला महत्त्व येण्याचे कारण शस्त्रक्रियेच्या स्वरूपात आहे. अंडाशयापुरता मर्यादित कर्करोग गाठ अखंड असताना निघाल्यास तो १-अ टप्प्यात गणला जातो. शस्त्रक्रियेत गाठ फुटून द्रव पोटात सांडल्यास तोच १-क टप्प्यात जातो आणि एरवी न लागणारी केमोथेरपी द्यावी लागू शकते. त्यामुळे संशयित गाठीतील द्रव सुईने काढणे टाळले जाते. कर्करोग निघाल्यास पोटातील द्रवाचे नमुने, आतड्यांवरील चरबीचा पडदा आणि लसीका ग्रंथी यांचीही तपासणी करावी लागते. ती राहून गेल्यास दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. प्रसार झालेल्या रोगात दिसणारा सर्व रोग काढता आला की नाही, यावर पुढील आयुर्मान बरेच अवलंबून असते.

अपत्यप्राप्तीची इच्छा असलेल्या स्त्रीत सौम्य गाठीची केवळ गाठच काढून अंडाशय राखता येते. सुरुवातीच्या टप्प्यातील काही कर्करोगांतही गर्भाशय व दुसरे अंडाशय वाचवणे शक्य असते. या पर्यायांची चर्चा शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रापूर्वी होणे अपेक्षित आहे. शस्त्रक्रिया सुरू असताना ऊती गोठवून तत्काळ तपासणी करण्याची सोय असल्यास निर्णय सुकर होतो.

पेशीनिदान आणि दुसरे मत

काढलेली गाठ विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत तपासली जाणे अनिवार्य मानले जाते. ऊतीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात जपले जातात आणि त्यांचे पातळ काप काचपट्टीवर पाहिले जातात. दुर्मीळ वा सीमावर्ती अर्बुदांत दोन विकृतितज्ज्ञांचे मत वेगळे असू शकते, म्हणून मोठ्या कर्करोग केंद्रांत काचपट्ट्या व ठोकळे पुन्हा तपासले जातात. अन्यत्र सल्ला घेताना अहवालांच्या प्रतींबरोबर स्कॅनच्या मूळ प्रतिमा, शस्त्रक्रियेची टिपणे, काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे सोबत नेणे उपयुक्त ठरते.

सांगली–मिरज–कुपवाड परिसरातील सोयी

कुपवाड हे सांगली जिल्ह्याच्या मिरज तालुक्यातील औद्योगिक शहर असून १९९८ मध्ये स्थापन झालेल्या सांगली–मिरज–कुपवाड महानगरपालिकेचा भाग आहे. शेजारच्या मिरजेला वैद्यकसेवेची दीर्घ परंपरा आहे. मिशनरी शल्यचिकित्सक विल्यम वॉनलेस यांनी तेथे उभारलेले रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून कार्यरत आहे. सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय या महाविद्यालयाशी संलग्न आहे. सिद्धिविनायक गणपती कर्करोग रुग्णालयही मिरजेतच आहे. लगतच्या सातारा जिल्ह्यात कराड येथे कृष्णा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे.

त्यामुळे कुपवाडमधील स्त्रीला प्राथमिक तपासणी, सोनोग्राफी व रक्तचाचण्यांसाठी लांब जावे लागत नाही. गुंतागुंतीच्या किंवा दुर्मीळ अर्बुदांसाठी मुंबईतील परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय हे प्रमुख संदर्भ केंद्र आहे. ते १९४१ मध्ये सुरू झाले. कोल्हापूर–मुंबई महालक्ष्मी एक्सप्रेस ही रात्रीची गाडी मिरज व सांगलीमार्गे जाते. मुंबईचा मुक्काम, बुडणारी मजुरी आणि सोबत येणाऱ्या नातलगाचा खर्च हे मात्र उपचारखर्चाबाहेरचे ओझे असते. तपासण्या जवळच पूर्ण करून मगच अन्यत्र गेल्यास फेऱ्या कमी होतात.

राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचारांचा समावेश आहे. योजनेचा लाभ तिच्याशी संलग्न रुग्णालयांतच मिळतो आणि उपचारांपूर्वी मंजुरी लागते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या या योजनेस २०१७ मध्ये सध्याचे नाव मिळाले. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगार व त्यांच्या कुटुंबीयांना त्या योजनेतूनही उपचार मिळू शकतात.

आनुवंशिकता आणि चाळणी

बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांतील दोषामुळे अंडाशयाच्या कर्करोगाचा आजीवन धोका सर्वसाधारण १ ते २ टक्क्यांहून बराच वाढतो. म्हणून उपकला प्रकारचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना कौटुंबिक इतिहास नसला तरी जनुकीय चाचणी सुचवली जाते. दोष आढळल्यास पार्प-रोधक औषधांचा पर्याय खुला होतो आणि बहिणी व मुलींनाही वेळीच समुपदेशन मिळू शकते.

लक्षणे नसलेल्या सर्व स्त्रियांची सोनोग्राफी व सीए-१२५ द्वारे चाळणी करण्याची शिफारस केली जात नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या यूकेसीटॉक्स चाचणीच्या २०२१ मधील अंतिम निष्कर्षांनुसार अशा चाळणीने या रोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत.

इतिहास

अंडाशयाची गाठ काढण्याची पहिली यशस्वी नोंदलेली शस्त्रक्रिया अमेरिकेतील केंटकी राज्यात इफ्रेम मॅकडॉवेल यांनी डिसेंबर १८०९ मध्ये केली. भूल देण्याचे तंत्र तेव्हा उपलब्ध नव्हते. रुग्ण जेन टॉड क्रॉफर्ड घोड्यावरून सुमारे १०० किलोमीटर प्रवास करून त्यांच्याकडे पोहोचली होती. तिच्या पोटातून सुमारे १० किलो वजनाची गाठ निघाली. ती बरी झाली आणि त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ जगली.

हेही पाहा

• अंडाशय
• एंडोमेट्रिओसिस
• पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम
• कर्करोग
• टाटा मेमोरियल रुग्णालय
• मिरज