लहान अक्षरातला शास्त्रज्ञ

‘ओमचा नियम’ आपण सगळेच शाळेत शिकतो. जर्मनमध्ये तोच ‘ओमशेस गेझेट्स’. जर्मन मी पुस्तकांवरूनच शिकलो, शिक्षक कोणी नव्हता. त्यामुळे असेल, पण आडनावाला लागणाऱ्या या ‘श’ प्रत्ययात मला आपला ‘चा-ची-चे’ दिसला. नामाच्या लिंगाप्रमाणे तोही बदलतो. त्यांचा नियम नपुंसकलिंगी म्हणून ‘ओमशेस’, रोध पुल्लिंगी म्हणून ‘ओमशर’.

फरक असा, की त्या लिपीत मोठे आणि लहान अक्षर आहे. जर्मन नामे मोठ्या अक्षराने सुरू होतात, विशेषणे लहान. मग आडनावापासून झालेले विशेषण कोणत्या पंगतीत बसवायचे? १९९६च्या लेखनसुधारणेपूर्वीची रीत अशी : कृती त्या व्यक्तीची स्वतःची असेल तर मोठे अक्षर, नुसती तिच्या नावाने ओळखली जात असेल तर लहान. प्लेटोचे ग्रंथ मोठ्या अक्षरात, ‘प्लेटोनिक प्रेम’ लहान. ओमचा नियमही मोठ्या अक्षरात. सुधारणेने ही विशेषणे लहान केली. मोठे अक्षर राखायचे तर नाव आणि प्रत्यय यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी द्यायची.

मोठे अक्षर गेले म्हणजे माणसाचा मान गेला का?

गेओर्ग ओमचेच पाहू. विद्युतमंडलाची गणिती मांडणी करणारे त्याचे पुस्तक १८२७मध्ये बर्लिनला निघाले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले; कोलोनची शिक्षकाची नोकरीही सुटली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१मध्ये कॉप्ली पदक दिले. म्युनिकला पूर्ण प्राध्यापकपद मिळाले १८५२मध्ये, आणि १८५४मध्ये तो वारला. रोधाच्या एककाला ‘ओम’ हे नाव १८८१च्या पॅरिस परिषदेने मान्य केले.

या पुस्तकाच्या शीर्षकात ‘गाल्वानिशे’ हे विशेषण आहे, लहान अक्षरातले. ते बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीवरून आले. बेडकाच्या पायांवरचे आपले प्रयोग त्याने १७९१मध्ये प्रसिद्ध केले. पुढे नव्या राजवटीच्या निष्ठेची शपथ घ्यायला त्याने नकार दिला, म्हणून त्याचे अध्यापकपद गेले; १७९८च्या डिसेंबरात तो वारला. त्यानंतर तीस वर्षांच्या आत ओम त्याचे नाव साध्या विशेषणासारखे लिहीत होता.

म्हणून लहान अक्षराला मी अपमान मानत नाही. नाव भाषेत मुरल्याची ती खूण आहे. पण मुरताना माणूस मागे पडतो, हेही खरे. ‘पाणिनीय’ म्हटले की आपल्याला पाणिनी आठवतो. छपरासाठी ‘जीआय’चा पत्रा मागताना मात्र त्यातला ‘जी’ गॅल्व्हानीचा आहे, हे कोणाच्या मनात येते?