चित्रपटकथांची पुनर्निर्मिती

पूर्वी पडद्यावर आलेली कथा नव्या तंत्राने वा दृष्टीने पुन्हा चित्रित करणे, यास पुनर्निर्मिती म्हणतात. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या मूकपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. त्याच कथेवरील प्रभातच्या अयोध्येचा राजा (१९३२) या बोलपटात ती दुर्गा खोटे यांनी साकारली. त्यामुळे तारामतीच्या दुःखास स्त्रीचा आवाज लाभला.

बाबूराव पेंटर यांनी सावकारी पाश (१९२५) हा आपलाच मूकपट १९३६ मध्ये बोलपटाच्या रूपात पुन्हा काढला. त्यातील कर्जबाजारी शेतकरी पुणे जिल्ह्यास अपरिचित नव्हता. १८७५ मध्ये भीमथडी (आजच्या दौंडचा परिसर तीत मोडे) व शिरूर तालुक्यांत सावकारांविरुद्ध दंगे होऊन कर्जरोखे जाळण्यात आले होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानंतरही कर्जाचा प्रश्न सुटला नाही. १९३० नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळून तो अधिक बिकट झाला. अकरा वर्षांनंतरही ती कथा जुनी झाली नव्हती.

मूळ कथेतील प्रश्न जिवंत असेल आणि नव्या तंत्राने तीत पूर्वी अव्यक्त राहिलेले काही प्रकट होत असेल, तरच पुनर्निर्मिती सार्थ ठरते.