संगणकाचा मंदपणा आणि घराचें नवें द्वार

नाशिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेस हें मुद्रणालय इ. स. १९२५ सालीं सुरू झालें. तोंवर हिंदुस्थानांतील पोस्टाचीं बहुतेक तिकिटें लंडनहून छापून येत असत. तिकीट असो वा मुद्रांक असो, तो खरा आहे हें ओळखण्याची खूण त्याच्या अंगींच असावी लागते. जलचिन्ह व बारीक रेखाकाम यांची योजना त्यासाठींच असते. घरांत संगणक आला तेव्हां हाच प्रश्न नव्या वेषांत उभा राहिला. समोरचें पान खरोखर कोणाचें? आंत शिरलेला मित्र कीं चोर? आणि या प्रश्नाची पहिली चाहूल बहुधा एका साध्या तक्रारीनें लागे, ती म्हणजे संगणक मंद झाला.

इ. स. १९८६ सालीं लाहोर येथील दोघां भावांनीं लिहिलेला ‘ब्रेन’ नांवाचा व्हायरस प्रसार पावला. संगणक सुरू होतांना फ्लॉपीचा जो भाग प्रथम वाचला जातो, नेमका तेथेंच तो ठाण मांडून बसे. माहितीचा मोठा नाश त्यानें होत नसे. परंतु फ्लॉपीचें काम मंदावे. तेव्हांपासून मंदपणाला दोन अर्थ प्राप्त झाले. एक, यंत्र दुबळें आहे. दुसरा, यंत्रांत परका शिरला आहे.

महाराष्ट्रांत हा दुसरा अर्थ उकलला तो दुरुस्तीच्या दुकानांत. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यांत कॅल्क्युलेटरची दुरुस्ती करीत. पुढें त्यांनीं स्वतःचें दुकान थाटलें व संगणकही हातीं घेतले. दुरुस्तीस येणाऱ्या अनेक संगणकांत सुटे भाग धड असत, बिघाड व्हायरसचा असे. धाकटे बंधु संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनीं हे व्हायरस काढून टाकणारे प्रोग्राम लिहिले. त्यांतूनच १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ जन्मास आलें. या व्यवसायाची पुण्याबाहेरील पहिली शाखा नाशिक शहरांत निघाली, आणि २०१६ सालीं कंपनी शेअरबाजारांत दाखल झाली. गिऱ्हाइकाच्या तक्रारीमागचें खरें कारण शोधण्याची चिकाटी हेंच या उद्योगाचें मूळ भांडवल होय.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत इंटरनेट सर्वांसाठीं खुलें केलें. फ्लॉपीवरून हातोहात फिरणारा रोग आतां तारेवरून येऊं लागला, आणि ब्राउझर हें घराचें नवें द्वार झालें. २००१ सालच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीचा प्रसार इतका झाला कीं, एकच कुलूप असंख्य घरांना लागलें. तें उघडण्याची युक्ति साधली कीं चोराला सगळींच घरें मोकळीं. २००४ सालीं फायरफॉक्स आलें. २००८ सालीं आलेल्या क्रोमनें निरनिराळ्या पानांना जणूं स्वतंत्र खोल्या दिल्या. एका खोलींत आग लागली तरी सारें घर जळूं नये, हा त्यांतील हेतु. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजीं बहुतेक ठिकाणीं संपला.

परंतु खोल्या वाढल्या कीं जागा अधिक लागते. म्हणून थोड्या रॅमच्या जुन्या संगणकावर दहा-वीस पानें उघडीं ठेवलीं कीं तो धापा टाकूं लागतो. अशा वेळीं गृहस्थाला मोह होतो कीं, रखवालदारच काढून टाकावा, अपडेट बंद करावे, म्हणजे वेग येईल. येथेंच खरा धोका आहे. वेग वाढविण्याचा मार्ग निराळा आहे. प्रथम टास्क मॅनेजर उघडून रॅम व डिस्क कोण अडवितो तें पाहावें. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम व ब्राउझरला चिकटलेलीं नको असलेलीं एक्स्टेन्शनें काढावीं. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवूं नयेत. ते परस्परांच्या कामांत अडथळा आणतात. डिस्क भरत आली असल्यास मोकळी करावी. जुन्या हार्ड डिस्कच्या जागीं एस.एस.डी. बसविल्यानें पुष्कळदां नव्या संगणकाचा खर्च वांचतो.

ब्राउझर निवडतांना त्याच्या नांवापेक्षां त्याला नियमित अपडेट मिळतात कीं नाहीं हें पाहावें, व तो मूळ कंपनीच्या पानावरूनच घ्यावा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, हेंही ध्यानांत असावें. पायाच खचला तर दाराचें कुलूप काय करणार?

राहतां राहिली कुलुपाची खूण. पत्त्याजवळ दिसणारें तें चिन्ह मजकूर वाटेंत कोणी वाचीत नाहीं एवढेंच सांगतें. पलीकडचा माणूस सज्जन आहे असें सांगत नाहीं. ठकांच्या पानांवरही तें दिसूं लागल्यानें क्रोमनें २०२३ सालीं तें हटविलें. मोहोरबंद पाकीट ठकही धाडूं शकतो. म्हणून बँकेच्या पानावर अक्षर टंकण्यापूर्वीं वरचा पत्ता अक्षरशः वाचावा. नोट हातीं आली असतां ती उजेडाकडे धरून जलचिन्ह पाहणारा गृहस्थ भित्रा ठरत नाहीं, व्यवहारी ठरतो. पत्ता निरखून वाचणाराही तसाच समजावा.