कंबरदुखी आणि प्रतिमा : क्ष-किरणांपासून एमआरआयपर्यंत

जयपूरच्या सोडाला भागापासून सवाई मानसिंह स्टेडियम काही किलोमीटरवर आहे. याच शहरात क्रिकेट शिकलेला वेगवान गोलंदाज कमलेश नागरकोटी २०१८ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात चमकला आणि पुढच्या वर्षी पाठीच्या दुखापतीमुळे आयपीएलला मुकला. त्याच संघातला शिवम मावीही त्या मोसमात पाठीमुळेच बाहेर बसला. आज अशा वयाच्या खेळाडूची कंबर दुखू लागली की एमआरआयचा विचार चटकन होतो. ही सवय कशी लागली आणि ती कितपत रास्त आहे, हे या पाठात पाहू.

१८९५ साली रोंटगेनने क्ष-किरण शोधले. दोनच वर्षांनी, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, लष्करी डॉक्टर वॉल्टर बीव्हर वायव्य सरहद्दीवर जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या या किरणांनी शोधत होते. गोळी आणि हाड दिसत होते. मज्जातंतू आणि मणक्यांमधली गादी मात्र दिसत नव्हती. १९२१ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिकार आणि फोरेस्तिये यांनी पाठीच्या कण्याच्या पोकळीत आयोडीनयुक्त तेल सोडून ती पोकळी चित्रात आणली. १९३४ मध्ये अमेरिकेत मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेली गादी मज्जातंतू दाबते हे दाखवून दिले. त्यानंतर अनेक दशके कंबरदुखी म्हणजे गादी, असे समीकरण होऊन बसले. किशोरवयीन मुलांना ते नीट लागू पडत नव्हते.

मुलांमध्ये, विशेषतः खेळणाऱ्या मुलांमध्ये, दोष बहुधा मणक्याच्या मागच्या कमानीत असतो. मणका पुढे घसरण्याच्या विकाराला १८५४ मध्ये नाव दिले ते किलियन या प्रसूतितज्ज्ञाने, कारण त्याचा अडथळा बाळंतपणात जाणवत असे. या घसरण्यामागे बऱ्याचदा कमानीतली भेग असते, तिला स्पॉन्डिलोलायसिस म्हणतात. तिरकस एक्स-रेमध्ये कमान छोट्या कुत्र्यासारखी दिसते आणि भेग त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यासारखी. वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना एकाच वेळी मागे वाकतो, बाजूला झुकतो आणि पीळ घेतो; उजव्या हाताने टाकणाऱ्याची भेग म्हणून बहुतेकदा डाव्या बाजूला सापडते. डेनिस लिली यांची कंबर १९७३ मध्ये अशाच ताणाने मोडली होती. पुढे १९८७ पासून ते चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये भारतीय मुलांना गोलंदाजी शिकवू लागले.

हाउन्सफिल्डच्या सीटी यंत्राने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले. पुढे सीटीवर कमानीतली भेग स्पष्ट दिसू लागली, पण त्यासाठी वाढत्या वयात ओटीपोटाजवळ किरणोत्सर्ग घ्यावा लागतो. एमआरआयमध्ये तो नाही. शिवाय हाड फुटण्याआधी त्यात आलेली सूजही दिसते. ती वेळेवर कळली तर काही महिन्यांच्या विश्रांतीने हाड भरून येऊ शकते. इथे प्रतिमेने उपचार बदलतो, म्हणून ती काढणे योग्यच.

पण दिसलेले प्रत्येक वैगुण्य दुखण्याचे कारण नसते. अमेरिकेत पहिलीच्या ५०० मुलांच्या पाहणीत सहाव्या वर्षी ४.४ टक्के मुलांत अशी भेग आढळली, मोठेपणी हे प्रमाण ६ टक्के झाले. त्यांतील भेग असलेल्यांचा ४५ वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांची कंबर इतरांपेक्षा जास्त दुखत नव्हती. १९९४ मध्ये कंबरदुखी नसलेल्या ९८ प्रौढांच्या एमआरआयमध्ये ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती ‘गादी फुगली आहे’ असा अहवाल पडला की तो खेळ सोडतो, वाकायला घाबरतो. हा त्रास यंत्राने दिलेला असतो.

म्हणूनच पाश्चात्त्य मार्गदर्शिका धोक्याची लक्षणे नसतील तर आधी काही आठवडे थांबायला सांगतात. आपल्याकडे हा नियम जसाच्या तसा उचलू नये असे माझे मत आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि मणक्याचा क्षय तरुणांनाही गाठतो. हाडातले बरेच क्षार झडल्याशिवाय तो साध्या एक्स-रेवर उमटत नाही. एमआरआयवर तो त्याआधीच कळतो. रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन किंवा पायांतली कमजोरी यांपैकी काही असेल, तर मुलगा गोलंदाज असो वा नसो, तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.