घडीची सायकल आणि माणसाचें माप

माझ्या खोलींत पुस्तकांच्या कपाटामागें एक घडीची सायकल तीन वर्षें उभी होती. ती मीं मोठ्या हौसेनें विकत घेतली होती. दुकानदारानें माझ्यादेखत क्षणांत तिची घडी घातली, ती पुन्हां उलगडली आणि एका हातानें उचलून दाखविली. तें कौतुक पाहून मीं पैसे मोजले. पुढें तिच्यावरून रोज कॉलेजांत जाऊं लागलों तेव्हां कळलें कीं, सीट शेवटच्या खुणेपर्यंत वर चढविली तरी माझे गुडघे पुरते सरळ होत नाहींत. माझी उंची सहा फुटांना एक इंच कमी आहे. महिन्याभरांत गुडघे दुखूं लागले, सायकल कपाटामागें गेली आणि घरांतील मंडळींना थट्टेला एक विषय मिळाला. दोष यंत्राचा नव्हता, दुकानदाराचाहि नव्हता. सायकलीची घडी कशी पडते तें मीं पाहिलें. तिच्यावर बसणारा कोण, हें पाहावयाचें राहून गेलें. इतिहास शिकविणाऱ्या माणसाला स्वतःची चूकहि इतिहासांत शोधावीशी वाटते. तसा शोध घेतां दिसून आलें कीं, घडीच्या सायकलीची सारी कथाच या ओढाताणीची आहे. यंत्र घडीला सोयीचें करावें कीं स्वाराला, हाच तिच्यांतील मूळ प्रश्न होय.

सायकल अंगाच्या मापानें घेण्याची चाल फार जुनी आहे. १८७० नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्यें पुढचें चाक प्रचंड आणि मागचें चिमुकलें अशी उंच सायकल प्रचारांत होती. तिचीं पायडलें थेट पुढच्या चाकाच्या आंसाला जोडलेलीं असत. पायडलाच्या एका फेऱ्यांत चाकाचाहि एकच फेरा होई. म्हणून वेग हवा तर चाक मोठें हवें, आणि तें किती मोठें असावें याची मर्यादा स्वाराच्या पायाच्या लांबीनें ठरे. शिंप्याला अंगरख्याचें माप द्यावें तसें तेथें चाक पायाच्या मापानें निवडावें लागे. हें अडचणीचें वाहन ठेवण्यास व नेण्यास सोपें व्हावें म्हणून विल्यम ग्राउट यानें १८७८ सालीं एक सायकल काढली. तिच्या पुढच्या चाकाचे भाग सुटे होत आणि सारें यंत्र पेटींत भरतां येई. घडीच्या सायकलींची वंशावळ सांगतांना बहुधा येथूनच आरंभ करतात.

पुढें १८८५ सालीं जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ सायकल आली. तिच्यांत पायडलाची शक्ति साखळीनें मागच्या चाकास पोंचविलेली होती. चाक आणि पाय यांचें जुनें नातें या साखळीनें तोडलें. पुढचें दंतचक्र मोठें आणि मागचें लहान केलें कीं, लहान चाकहि पायडलाच्या एका फेऱ्यांत मोठ्या चाकाइतकें अंतर कापूं शकतें. २८ इंची चाकाला पुढें ४४ व मागें १८ दांते असतां जेवढी मजल होते, जवळजवळ तेवढीच १६ इंची चाकाला पुढें ५६ व मागें १३ दांते दिले असतां होते. लहान चाकाच्या सायकलीवर पाय नेहमींच भराभर मारावे लागतात, हा समज म्हणूनच खरा नव्हे. पण स्वाराचें माप सांगण्याचें काम चाकानें सोडलें तें सीट आणि हँडल यांच्याकडे आलें, आणि ग्राहक मात्र चाकाकडेच पाहत राहिला.

घडीची सायकल नांवारूपास आली ती लष्करामुळें. फ्रेंच सैन्यांतील अधिकारी आंरी जेरार आणि कारखानदार शार्ल मोरेल यांनीं १८९५ च्या सुमारास पुढें आणलेली सायकल मधोमध दुमडून सैनिकाच्या पाठीवर बांधतां येई. रस्ता असेतों सैनिक सायकलीवर आणि रस्ता संपला कीं सायकल सैनिकावर, असा तो व्यवहार होता. पहिल्या महायुद्धांत इटलीच्या बेर्सालिएरी पलटणींनीं बियांकी कारखान्याच्या घडीच्या सायकली वापरल्या. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या बी. एस. ए. कारखान्यानें हवाई छत्रीनें उतरणाऱ्या सैनिकांसाठीं अशी सायकल तयार केली; बिजागऱ्यांवरचे नट हातानेंच फिरवून ती उलगडतां येई. ६ जून १९४४ रोजीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या कांहीं तुकड्यांजवळहि अशा सायकली होत्या. या साऱ्या यंत्रांचें काम नेमकें होतें. उतरल्या जागेपासून ठाण्यापर्यंत माणूस पायीं जाण्यापेक्षां लवकर पोंचला म्हणजे झालें. रोज पांच मैल जाऊन-येऊन त्याचे गुडघे वीस वर्षांनीं कसे राहतील, हा प्रश्न सेनापतीपुढें नव्हता. तो प्रश्न तुमच्या-आमच्यापुढें आहे.

नागरिकाच्या गरजेचा मुळापासून विचार झाला तो १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर. त्या वेळीं इंग्लंडांत पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि अॅलेक्स मोल्टन या इंजिनियराचें लक्ष सायकलीकडे वळलें. मोटारीच्या रबरी स्प्रिंगांचा त्याचा अभ्यास होता. ‘मिनी’ मोटारीच्या स्प्रिंगा त्याच्याच. लहान चाकाला खड्डा अधिक जाणवतो, कारण मोठें चाक ज्या भेगेवरून सहज जातें तींत लहान चाक खोल उतरतें. मोल्टननें यावर दुहेरी उपाय योजला. टायरांत हवा भरपूर दाबाची ठेवून त्यानें चाक हलकें पळेल असें केलें आणि दोन्ही चाकांना रबरी स्प्रिंगा देऊन धक्के शोषून घेतले. १९६२ सालीं बाजारांत आलेल्या या सायकलीची चौकट बुटकी होती, आणि सीट व हँडल पुष्कळ वर-खालीं करतां येत. त्यामुळें घरांतील स्त्री-पुरुषांना एकच सायकल चालूं शके. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जॉन वुडबर्न यानें तिच्यावरून कार्डिफ ते लंडन या प्रवासाचा विक्रम केला. १९६५ सालीं रॅले कारखान्यानें तिला प्रतिस्पर्धी आणली. पण तींत स्प्रिंगांऐवजीं जाड व कमी हवेचे टायर होते, आणि ती चालविण्यास जड पडे. मोल्टनच्या या पहिल्या सायकलीची घडी होत नसे. तरीहि लहान चाकावरून माणूस लांबवर आणि वेगानें जाऊं शकतो हें त्यानें सिद्ध केलें, आणि पुढच्या घडीच्या सायकलींचा मार्ग त्यामुळें मोकळा झाला.

त्यानंतरच्या काळांत तीन निरनिराळीं ध्येयें पुढें आलीं. १९७१ सालीं हॅरी बिकर्टन यानें अॅल्युमिनियमची हलकी सायकल काढली. तिच्यावरून स्फूर्ति घेऊन अँड्र्यू रिची यानें लंडनमधील आपल्या राहत्या घरांत १९७५ च्या सुमारास स्वतःचे प्रयोग आरंभिले. समोर दिसणाऱ्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चवरून त्यानें सायकलीला ‘ब्रॉम्प्टन’ हें नांव दिलें. भांडवल मिळेना, तेव्हां सुमारें तीस जणांनीं आगाऊ पैसे दिले आणि १९८१ सालीं विक्रीच्या सायकली होऊं लागल्या. कारखाना नीट उभा राहण्यास १९८८ साल उजाडलें. तिच्या घडींत साखळी दोन चाकांच्या मध्यें जाते, त्यामुळें आगगाडींत शेजाऱ्याचे कपडे खराब होत नाहींत. आटोपशीर घडी हें तिचें ध्येय होय. दुसरीकडे १९७३ नंतरच्या तेलटंचाईनें जागा झालेला डेव्हिड हॉन हा शास्त्रज्ञ. त्यानें १९८२ सालीं ‘डाहॉन’ कंपनी स्थापिली. निरनिराळ्या आकारांचीं चाकें व बेताच्या किंमती यांमुळें ती जगभर पसरली. तिसरें ध्येय १९९२ सालीं अमेरिकेंत ऑरेगॉन प्रांतांत सुरू झालेल्या ‘बाइक फ्रायडे’चें. तेथें स्वाराचीं मापें घेऊन सायकल बांधली जाते; घडी थोडी मोठी झाली तरी चालते. शिंप्याकडे माप देण्याची ती जुनी चाल अशी शंभर वर्षांनीं परत आली.

या इतिहासावरून ग्राहकानें घ्यावयाचा बोध उघड आहे. आधीं आपण कोण तें ठरवावें, मग सायकल. पहिली परीक्षा पायाची. पायडल अगदीं खालीं असतां त्यावर टांच टेकावी. गुडघा त्या वेळीं पुरता सरळ झाला तर सीटची उंची योग्य, कारण पुढें पंजा पायडलावर ठेवला कीं गुडघ्याला हवा तेवढाच बांक राहतो. ही उंची सीटखालच्या नळीवरील मर्यादेची खूण ओलांडल्याशिवाय मिळाली पाहिजे. न मिळाल्यास अधिक लांब नळी मिळते कीं काय तें विचारावें. ब्रॉम्प्टनसारख्या सायकलींना ती मिळते. दुसरी परीक्षा हाताची. सीट आणि हँडल यांतील अंतर घडीच्या सायकलींत बहुधा ठरलेलें असतें. उंच माणूस तेथें आंखडतो आणि ठेंगणा ताणला जातो. म्हणून दुकानाभोंवतीं एक फेरी पुरेशी नव्हे, निदान अर्धा तास सायकल चालवून पाहावी. तिसरी परीक्षा रस्त्याची. आमच्या पुण्याच्या रस्त्यांवर पावसाळ्यांत १६ इंची चाकापेक्षां २० इंची चाक अधिक सुखाचें. चौथी परीक्षा जिन्याची. घडी दिवसांतून चार वेळां घालावयाची असेल आणि सायकल आगगाडींत न्यावयाची असेल तर लहान चाक व नेटकी घडी यांना मान द्यावा. आठवड्यांतून एकदांच ती गाडीच्या डिकींत टाकावयाची असेल तर घडीपेक्षां बैठक महत्त्वाची. वजन कागदावर वाचूं नये, सायकल हातांत घेऊन एक मजला चढून पाहावें. शेवटीं, स्वाराच्या वजनाची मर्यादा विचारावी आणि बिजागऱ्यांचे खटके घट्ट बसतात कीं नाहीं तें स्वतःच्या हातानें पाहावें; सारा भार त्यांच्यावरच असतो.

कपाटामागची ती सायकल गेल्या दिवाळींत माझ्या धाकट्या मुलीनें बाहेर काढली. तिची उंची जेमतेम पांच फूट. तिनें सीट बरीच खालीं घेतली, टायरांत हवा भरली आणि दुसऱ्या दिवसापासून ती त्याच सायकलीवरून नोकरीला जाऊं लागली. तिची कांहींच तक्रार नाहीं. मी आतां माझ्या मापाची सायकल शोधीत आहें. या खेपेस दुकानदार घडी घालून दाखवूं लागला कीं त्याला आधीं थांबवीन आणि म्हणेन, “ती मागाहून दाखवा; आधीं मला बसूं द्या.”